टॉर्क सारखाच, मग ० ते १०० ला डिझेल मागे का?

तुम्ही विचारलंय की एकाच एसयूव्हीत साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं) आणि डिझेल अशी तीन इंजिनं मिळताहेत. टर्बो आणि डिझेल दोघांचाही टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर, पण पॉवर टर्बोची १६० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि डिझेलची ११५. टॉर्क सारखा असताना डिझेल ताशी ० ते १०० किमी गाठायला मागे का पडतं, आणि टॉप स्पीडमध्ये किती फरक पडेल? मी नऊ वर्षं डिझेल एसयूव्ही चालवली, आता तीन वर्षं टर्बो पेट्रोल चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रोशरमधला टॉर्क इंजिनच्या क्रँकवरचा (मुख्य फिरत्या दांड्यावरचा) असतो. गाडी पुढे ढकलतो तो चाकावरचा टॉर्क, आणि तो गिअरच्या रेशोने गुणून येतो. डिझेल साधारण साडेचार हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) संपतं, पेट्रोल सहा हजारांच्या पुढे जातं. म्हणून डिझेलला गिअर लांब, म्हणजे कमी रेशोचे, द्यावे लागतात. समजा दुसऱ्या गिअरमध्ये डिझेलचा एकूण रेशो ७ आहे आणि पेट्रोलचा ९. ताशी ४५ किमीला डिझेल २५०० आरपीएमच्या आसपास असेल, पेट्रोल ३२५० च्या. दोन्ही इंजिनं त्या क्षणी पूर्ण २५० देताहेत, पण चाकावर पोचतात डिझेलचे १७५० आणि पेट्रोलचे २२५०. इंजिनात सारखा असलेला जोर रस्त्यावर असा वेगळा पडतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे हा सगळा हिशोब पीएसच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. तेव्हा ० ते १०० साठी पीएस आणि गाडीचं वजन बघा. वजनातही डिझेल इंजिन सहसा भारी असतं आणि तो भार पुढच्या चाकांवर येतो.

मग डिझेल चालवताना इतकं दमदार का वाटतं? कारण १५०० ते २७५० आरपीएम या पट्ट्यात ते अर्धं ॲक्सिलरेटर दाबलं तरी खेचतं, आणि रोजचं आपलं चालवणं त्याच पट्ट्यात असतं. पाच माणसं, डिकी भरलेली, समोर चढण, अशा वेळी गिअर न पाडता गाडी वर जाते. हे सुख खरं आहे आणि मला आजही आठवतं. पण ओव्हरटेक करताना मध्येच ३५०० च्या पुढे दम संपतो आणि गिअर बदलावा लागतो, तिथे टर्बो पेट्रोल एकाच गिअरमध्ये काम उरकतं. टर्बो पेट्रोलला १६०० च्या खाली मात्र लॅग जाणवतो. गर्दीत दुसऱ्या गिअरला सरपटताना अचानक दाबलं की आधी क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम जोर येतो. याची सवय करून घ्यावी लागते.

साध्या पेट्रोलबद्दल थोडक्यात: एकट्या-दुकट्याने शहरात फिरायला ठीक. भरलेल्या गाडीने चढणीवर ट्रकला ओव्हरटेक करायचं तर दोन गिअर पाडून इंजिन ओरडवावं लागतं. उंचावर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला साधारण दहा टक्के पॉवर जाते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, साध्या इंजिनाला तो आधार नाही. दीड टनाच्या वर वजन असलेल्या गाडीत मी ते घेणार नाही.

आता टॉप स्पीड. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी पॉवर घनाने. एसयूव्ही उंच आणि रुंद, त्यामुळे तिला हे सेडानपेक्षा जास्त नडतं. मध्यम आकाराच्या एसयूव्हीला सपाट रस्त्यावर १०० चा वेग टिकवायला चाकांपाशी जेमतेम २५ पीएस पुरतात. १८० ला ११० च्या आसपास लागतात आणि २०० ला १४५. म्हणजे तुमच्या यादीतलं डिझेल १७५ च्या जवळ थांबेल आणि टर्बो पेट्रोल २०० ला टेकेल. जवळजवळ चाळीस टक्के जास्त पॉवर आणि वेगात वाढ फक्त चौदा टक्क्यांच्या आसपास. त्यातही बऱ्याच कंपन्या वेग इलेक्ट्रॉनिक लिमिटरने बांधतात. व्होल्वोने तर २०२० पासून आपल्या नव्या गाड्या १८० वरच बांधल्या. टायरलाही मर्यादा असते: साइजच्या शेवटी टी असेल तर १९०, एच असेल तर २१०. टॉप स्पीडसाठी इंजिन निवडू नका असं मी अगदी मनापासून सांगेन.

तुम्हाला रोज लागणार आहे तो ६० ते १०० चा पिकअप, आणि तो ब्रोशरमध्ये छापलेला नसतो. टेस्ट ड्राइव्हला घरातली चार माणसं बरोबर न्या आणि एसी चालू ठेवा. मोकळा, सुरक्षित रस्ता बघून मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरला ६० वरून पूर्ण दाबा, मग तेच तिसऱ्यात करा. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर सेकंद मोजायला सांगा. तिन्ही इंजिनांवर एकाच रस्त्यावर हे करा आणि आकडे इथे टाका, मग तुमच्या वापराप्रमाणे पुढे बोलू.