गाडीच्या सर्व्हिसिंगमधली कोणती कामं खरंच करून घ्यावीत आणि कोणती टाळावीत?

तुम्ही लिहिलंय, गाडी पेट्रोल, चार वर्षांची, ३८,००० किलोमीटर झालेली, वॉरंटी संपलेली. कराडला सर्व्हिसिंगला दिली तर चौदा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. त्यातलं काय ठेवू नि काय काढू? तुमची यादी वाचली. ऑइल-फिल्टर, चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग, इंजिन डिकार्ब (आतली काजळी काढणं), थ्रॉटल बॉडी क्लीनिंग (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची सफाई), एसी डिसइन्फेक्टंट, टेफ्लॉन कोटिंग (रंगावरचा चकचकीत थर), इंजिन ड्रेसिंग (इंजिन बाहेरून चमकवणं). ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा जोर चाकांपर्यंत पोचवणारं तेल, कुठेच नाही. म्हणून लिहायला बसले, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

ऑइल-फिल्टर ठेवा. डिकार्ब, टेफ्लॉन, ड्रेसिंग, डिसइन्फेक्टंट सरळ काढा. सिग्नलला उभं असताना आरपीएम (इंजिनाचे फेरे) खालीवर होत नसेल तर थ्रॉटल बॉडीही काढा. अलाइनमेंट गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेनं झिजत असेल तर करा, बॅलन्सिंग स्टेअरिंग थरथरत असेल तर. आणि ब्रेक फ्लुइड यादीत घालायला लावा. टॉप-अप नव्हे, पूर्ण बदलून.

आमच्या दाजींचा गाडीवर फार जीव. सर्व्हिसिंगची तारीख चुकत नाही, काउंटरवरचा माणूस जे पॅकेज सांगेल ते घेणार. मी उलटी. पतसंस्थेत नोकरी, दिवसभर व्हाउचर तपासायचे, त्यामुळे 'ट्रीटमेंट' असं लिहिलेल्या ओळीवर माझं बोट आपोआप थांबतं. माझ्या गाडीचं एस्टिमेट मी काउंटरवर उभी राहूनच काट मारत वाचते. ते बघून दाजींचं ठरलेलं वाक्य असायचं, "तू आपल्या कर्जाच्या फायली बघ, गाडीतलं राहू दे. हजार-दोन हजार वाचवायला जाशील आणि घाटात अडकशील."

घाटात अडकलो. त्यांच्या गाडीत.

सप्टेंबरात कासला फुलं बघायला गेलो होतो. परतीला यवतेश्वरचा घाट. मला घाट लागतो म्हणून ताईनं मला पुढं बसवलं आणि ती मुलांना घेऊन मागं बसली. सुट्टीचा दिवस, पुढं एक टेम्पो, मागं गाड्यांची रांग. दाजी उताराला गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून, आणि ब्रेकवर पाय ठेवून खाली येतात. साताऱ्यात असं उतरणारे काही कमी नाहीत. मध्येच जळका वास आला. "टेम्पोचा असेल," म्हणाले. पुढच्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल काही न लागता खाली गेलं, पार मॅटला टेकलं. त्यांनी पाय उचलून पुन्हा मारला, पुन्हा मारला, तेव्हा कुठं थोडंसं लागलं. मी ओरडले, "गिअर टाका दाजी, सेकंड टाका!" टाकला. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, वेग तुटला. मग हँडब्रेक थोडा थोडा ओढत, कडेच्या गटारात चाक घालून एकदाचे थांबलो. मागं धाकटा भाचा रडायला लागला होता आणि ताई एक शब्द बोलत नव्हती, जे तिच्या बाबतीत कधी होत नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं पेडल पुन्हा कडक. दाजी लगेच म्हणाले, "बघ, तापले होते नुसते. मेंटेनन्स परफेक्ट आहे गाडीचा."

इथंच माझं डोकं फिरलं. नुसते पॅड तापून पकड गेली तर पेडल कडक राहतं आणि गाडी थांबत नाही. पेडलच खाली जातं तेव्हा फ्लुइड उकळलेलं असतं. लायनीत वाफ होते, तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो, चाकापर्यंत काही पोचत नाही. गार झालं की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल परत येतं, म्हणून माणसाला वाटतं काही झालंच नाही. आणि फ्लुइड उकळतं कारण ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३, डॉट ४ या फ्लुइडच्या प्रती, बाटलीवर लिहिलेल्या असतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, ओल शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला २३० आणि १५५. म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी दारात उभी असली तरी.

दुसऱ्या दिवशी गोडोलीत आमच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं ब्रेक फ्लुइडच्या टाकीचं झाकण काढून टॉर्च मारला. नवं फ्लुइड फिकट पिवळं, जवळजवळ पारदर्शक असतं. आतलं कोऱ्या चहासारखं झालेलं. मग मी दाजींकडे बिलांची फाइल मागितली. पाच वर्षांची बिलं, प्लास्टिकच्या कव्हरात, तारखेप्रमाणे लावलेली. आमच्या ऑडिटरनं बघितली असती तर पाठ थोपटली असती. टेफ्लॉन दर वर्षी. इंजिन ड्रेसिंग दर वर्षी. एसीचं डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग, फ्युएल सिस्टिम क्लीनर. ब्रेक फ्लुइडपुढं प्रत्येक जॉबकार्डावर बरोबरची खूण आणि दोनदा 'टॉप-अप'. बदललेलं एकदाही नाही.

टॉप-अपचं मुद्दाम सांगते. पॅड झिजले की पिस्टन पुढं सरकतात, तेवढं फ्लुइड खाली जातं आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणजे पातळी उतरली की आधी पॅड बघायचे, मग गळती. वरून नवं ओतून खूण केली की जुनं फ्लुइड तसंच खाली राहतं आणि पॅड झिजल्याची एक निशाणी पुसली जाते. फ्लुइड पूर्ण बदलायला बाटली आणि मजुरी धरून छोट्या गाडीला हजाराच्या आसपास लागतात. टेफ्लॉनला त्याच्या कितीतरी पट. अ‍ॅडव्हायझरला ट्रीटमेंटचं टार्गेट असतं, फ्लुइडचं नसतं, एवढी साधी गोष्ट आहे ही.

बाकीचं भराभर. ऑइल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि ग्रेड पुस्तिकेत असेल तोच; "आपल्याकडे गरमी, जरा जाड टाकू" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. कूलंटऐवजी नळाचं पाणी नको. इथं कुठं बर्फ पडतोय असं म्हणणारे भेटतात, पण कूलंट गंज अडवतं आणि उकळबिंदूही वाढवतं, आपल्याला त्याचा उपयोग त्यासाठी आहे. वेगवेगळ्या रंगाचं कूलंट एकत्र करू नका. एअर फिल्टर ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागून रोज ये-जा असेल तर पुस्तिकेतल्या आकड्याच्या आधीच बदला. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, तो विकत आणून घरीच घाला. वास येतो तो बहुधा त्याचाच, वर स्प्रे मारून जात नाही. साधे निकेलचे स्पार्क प्लग असतील तर ३८,००० ला ते बदलायला आलेत, इरिडियम असतील तर अजून बराच अवकाश आहे. टायरात नायट्रोजन भरायला पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. आणि बदललेला प्रत्येक भाग डिकीत ठेवायला सांगा. जुना फिल्टर मागितला की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

हे सगळं पेट्रोल गाडीचं झालं. डिझेल असेल तर फ्युएल फिल्टर आणि त्यातलं पाणी काढणं या यादीत वर येतं. गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तिकेतली ठरलेली कामं अधिकृत ठिकाणीच करा आणि बिलं सांभाळा. कोटिंग नाकारलं म्हणून वॉरंटी जात नाही. अंडरबॉडी कोटिंगला मी वर नावं ठेवली, पण महाबळेश्वरला किंवा खाली कोकणात राहणाऱ्यानं ते करून घेतलं तर माझं काही म्हणणं नाही. आणि दाजींच्या फाइलीचा एक फायदा मान्य करते: गाडी विकताना किंमत चांगली येईल.

यवतेश्वरला जे झालं त्यात निम्मा वाटा न्यूट्रलचा होता, हेही सांगायला हवं. फ्लुइड नवं असतं तरी अख्खा घाट ब्रेकवर उतरायचा नसतो. शिवाय पेट्रोलही वाचत नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं, चाकं इंजिनला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन सुरू राहायला पेट्रोल लागतंच. ज्या गाडीत चालू मायलेजचा आकडा डॅशबोर्डवर दिसतो, त्यात शेजारी बसलेल्याला उताराला तो बघायला सांगा. गिअरमध्ये पाय काढला की आकडा शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. दाजींच्या गाडीत तो आकडा आहे. मी दोनदा म्हटलं, चला, यवतेश्वरला जाऊन दाखवते. ते म्हणतात, आधी चहा घेऊ.