दीड लाखाचं पिस्तूल की पत्नीचे दागिने सोडवायचे?

निपाणीजवळच्या एका तंबाखू खरेदीदाराचं पत्र आलंय. वय ४१, घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. हंगामात निपाणीच्या आसपास आणि कागल, गडहिंग्लजच्या खेड्यांत फिरून माल घेतात आणि पैसे रोख देतात. गेल्या वर्षी रात्री परतताना दोन मोटारसायकलींनी मैलभर पाठलाग केला. त्या धास्तीनं त्यांनी .३२ बोअरचं सरकारी कारखान्याचं पिस्तूल घ्यायचं मनावर घेतलंय. दुकानदारानं कर धरून दीड लाख सांगितले. बाळगणाऱ्या चौघांना विचारलं, तर दोघं म्हणाले, पैसे वसूल. तिसरा म्हणाला, ट्रिगर जड आहे आणि मधूनच काडतूस अडकतं. चौथा म्हणाला, नसती कटकट. बँकेत ४ लाखांची ठेव आहे, पत्नीच्या दागिन्यांवर ११ टक्क्यांनी २ लाखांचं कर्ज आहे. घेऊ का, हा त्यांचा प्रश्न.

भाऊ, तुमची भीती खरी आहे. पैशाची थैली घेऊन अंधारात एकटं येणं काय असतं, हे माझ्या बऱ्याच व्यापारी ग्राहकांनी भोगलंय. तरीही आत्ता हे पिस्तूल घेऊ नका, असंच मी सांगेन. कारणं सांगतो.

तुमच्या चौघांपैकी कुणीही ते गरजेच्या वेळी वापरल्याचं सांगितलेलं नाही. ती मतं वस्तूबद्दलची आहेत, तुमच्या रस्त्याबद्दलची नाहीत. बेळगावात माझ्या शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. तुमचं पत्र वाचून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं .३२ पिस्तूल काढलं, मॅगझिन वेगळं करून बाजूला ठेवलं आणि मुठीची पट्टी सोडवून दाखवली. खाली राईच्या दाण्याएवढे गंजाचे तीन ठिपके. ‘आपल्याकडचा पाऊस,’ एवढंच म्हणाले. वर्षाला मोजकीच काडतुसं घेता येतात, त्यामुळे सराव जवळजवळ शून्य. ज्यांनी उभं आयुष्य हत्यार हाताळलं त्यांची ही गत, तर पाठलाग होत असताना एका हातात गाडीचं हँडल धरलेल्या माणसाचं काय होईल, तुम्हीच विचार करा.

मग त्यांनी पोलीस ठाण्याच्या दोन पावत्या दाखवल्या. एक २०२३ च्या विधानसभा निवडणुकीची, दुसरी २०२४ च्या लोकसभेची. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यार जमा करायला सांगतात. दोन्ही वेळा मतदान मे महिन्यात झालं, म्हणजे हत्यार मार्चपासूनच ठाण्यात. नेमका तोच तुमच्या खरेदीचा जोर! थैली सगळ्यात जड असते तेव्हा पिस्तूल सरकारी कपाटात.

आणि सीमा. ही गोष्ट तुम्हाला चौघांपैकी कुणीच कशी सांगितली नाही, याचं मला नवल वाटतं. परवान्यावर तो कुठल्या भागापुरता चालतो ते लिहिलेलं असतं. तुमचा परवाना बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून निघणार, आणि फक्त कर्नाटकापुरता असला तर कोगनोळीच्या पुढे, महाराष्ट्रात, पिस्तूल जवळ सापडणं हाच गुन्हा. आपल्याला कागल परकं वाटत नाही, मामाचं घर तिकडे आणि शेत इकडे असतं, पण शस्त्र कायद्याला ही सोयरीक कळत नाही. तुमची निम्मी खरेदी पलीकडची. कोडगू म्हणजे कूर्गमधल्या कोडव लोकांना परवान्यातून सूट आहे म्हणून ‘कर्नाटकात चालतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, ती सूट आपल्यासाठी नाही. कमी पैशात गावठी आणून देतो म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आता पैशाचं. पिस्तुलावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. तुमच्या दीड लाखातले जवळपास ४३ हजार निव्वळ कर, ते विकताना परत येत नाहीत. विकायचं तरी परवाना असलेल्यालाच, त्यामुळे गिऱ्हाईक मोजकं. जुन्या विदेशी पिस्तुलांना मोठी किंमत येते हे खरं, कारण सामान्य माणसासाठीची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. ती किंमत देशी पिस्तुलाला येईल, असं धरू नका. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींना ते नुसतं कपाटात ठेवता येणार नाही, जमा करावं लागेल किंवा स्वतःचा परवाना काढावा लागेल. शिवाय घरात दोन मुलं आहेत, त्यामुळे कुलपाची तिजोरी आलीच.

त्याच दीड लाखानं कर्जाचा मोठा भाग फेडलात तर वर्षाला साडेसोळा हजार व्याज वाचतं आणि वहिनींचे दागिने घरी यायला फक्त पन्नास हजारांचं मुद्दल उरतं.

खरा धोका थैलीत आहे, म्हणून ती हलकी करा. शेतमालापोटी थेट शेतकऱ्याला रोख देताना आयकरातली रोख खर्चाची दहा हजारांची मर्यादा आड येत नाही, हे खरं आहे. पण एकाच शेतकऱ्यानं २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड त्याच्यावर बसू शकतो. हे त्याला समजावून सांगितलंत की तो स्वतःच खात्यावर मागेल. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास चालतात. वजन झालं की काट्यावरच पैसे पाठवा, बँकेचा मेसेज त्याच्या मोबाईलवर वाजू द्या, मगच पोती गाडीत चढवा. म्हातारी माणसं नोटाच मागतील. त्यांच्यापुरती रोख ठेवा आणि दिवसाउजेडी द्या.

त्या उरलेल्या रोकडीसाठी सर्वसाधारण विमा कंपनीकडून ‘मनी इन्शुरन्स’ घ्या. वाटेत लुटलेली रोकड त्यात धरतात. एका फेरीची मर्यादा किती आणि रोकडवही कशी ठेवायची, हे सही करण्याआधी विचारा. वही नसेल तर दावा अडकतो.

तुमच्या पत्रात मुदत विम्याचा उल्लेखच नाही, याची मला पिस्तुलापेक्षा जास्त काळजी वाटते. पंतप्रधान जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत आणि अपघातासाठीचा सुरक्षा बीमा २० रुपयांत, दोन्ही वर्षाचे, प्रत्येकी २ लाखांचे. बँकेत जाल त्याच दिवशी अर्ज भरा. मुलांसाठी ते पुरणार नाही, म्हणून एक कोटीच्या मुदत विम्याची चौकशी करा. तंबाखू खात असाल तर लपवू नका, हप्ता थोडा वाढला तरी चालेल.

पाठलागाची तक्रार दिली नसेल तर या आठवड्यात लेखी द्या आणि पोच घ्या. पुन्हा तसं घडलं, कुणी नाव घेऊन धमकावलं, तर परवान्याच्या अर्जाला त्या पोचीचा आधार मिळेल आणि तेव्हा माझंही उत्तर वेगळं असेल. तोवर पिस्तुलासाठी ठेव मोडू नका. हंगाम सुरू होण्याआधी गेल्या वर्षीची रोकडवही घेऊन या, कुठल्या गावात किती नोटा लागतात ते बसून काढू.