तुमची कॉपी कोण वाचणार?

परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी प्रवेश, शिष्यवृत्त्या, फेरतपासणी. आता सगळी इंटर्नशिप. यंदा पत्रकारिता आणि माध्यमं शिकणाऱ्या मुलांची पत्रं जास्त आली. त्यांतली काही घेते. माझी सगळी नोकरी मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानं लावणाऱ्या टेबलावर गेली, तेव्हा उत्तरं त्याच खुर्चीतून येणार हे धरून चाला.

ताई, मी सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून रोज कॉलेजला येते. बीएला पत्रकारिता, चौथं सेमिस्टर. चार क्रेडिटची इंटर्नशिप करायची आहे. पणजीतल्या एका वृत्तवाहिनीत ओळखीने जागा मिळतेय आणि एका मराठी दैनिकानेही होकार दिलाय. मैत्रिणी म्हणतात चॅनेलला जा, चार लोकांत तोंड दिसेल. आई म्हणते रात्रीच्या ड्युट्या असतील तर कुठेच नको. काय करू?
– एक विद्यार्थिनी, वाळपई

आधी आईचं बघू, कारण ते सुटलं नाही तर पुढचं सगळं तिथेच अडेल. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे चार क्रेडिटचे 120 तास. दिवसाला पाच तास धरले तर 24 दिवसांचं काम. त्यासाठी तुला रात्री कोणी थांबवून घ्यायची गरज नाही. दैनिकाचा डेस्क दुपारनंतर भरतो आणि पानं रात्री सुटतात हे खरं, पण वार्ताहरांचा दिवस सकाळी सुरू होतो. पत्रकार परिषदा, आझाद मैदानावरची धरणी, सचिवालय, पर्वरीचं न्यायालय, बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, हे सगळं दिवसाउजेडीचं काम आहे. पहिल्याच दिवशी मुख्य वार्ताहराला सांग की मला सकाळची पाळी हवी, संध्याकाळची बस पकडायची आहे. गोव्यातल्या प्रत्येक कार्यालयात कदंब बसच्या वेळापत्रकावर घड्याळ लावणारी दोन-तीन माणसं असतातच, कोणाला नवल वाटणार नाही. एखाद-दुसऱ्या दिवशी मात्र पणजीत मावशीकडे नाहीतर मैत्रिणीकडे राहून पहिलं पान लागताना बघून घे. आठ कॉलमची बातमी साडेनऊला चार कॉलमची कशी होते, ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही. आणि आईला तिथल्या एका ज्येष्ठ बाईंचा फोन नंबर देऊन ठेव.

आता चॅनेल की दैनिक. मी दैनिकवाली, म्हणून दैनिक म्हणेन असं तुला वाटत असेल. तसं नाही. दोन्हीकडे जा, समोरच्याला एकच प्रश्न विचार: मी लिहिलेलं, म्हणजे डेस्कच्या भाषेत माझी ‘कॉपी’, कोण वाचणार आणि केव्हा? ‘आमचे अमुक उपसंपादक बघतील, रोज चारला त्यांच्याजवळ बस’ असं नाव घेऊन उत्तर आलं तर तिथे जा, मग त्यांच्या दारावर पाटी कोणाची का असेना. ‘अगं, ये तर खरी, शिकशील सगळ्यांकडून’ असं आलं तर तू कोणाकडूनच शिकणार नाहीस. सगळ्यांची विद्यार्थिनी कोणाचीच नसते. अशी मुलं मी महिनामहिना कोपऱ्यातल्या खुर्चीवर फोन चाळत बसलेली पाहिली आहेत, आणि शेवटी त्यांना प्रमाणपत्र मात्र ‘उत्कृष्ट’ शेऱ्याचं.

चॅनेलमध्ये तुला बहुधा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं कोणाचं बोलणं, उतरवून काढणं, पडद्यावरच्या खालच्या पट्टीचा मजकूर आणि कॅमेरामनबरोबर माइक धरणं एवढं येईल. ते कमी नाही. वीस मिनिटांच्या बोलण्यातून कामाची वीस सेकंदं काढता येणं ही मोठी विद्या आहे. दैनिकात येतील प्रेसनोटा. मुलं त्यांना नाकं मुरडतात, म्हणून एक दाखवतेच. नमुन्यादाखल मीच रचली आहे, पण अशा रोज येतात:

‘येथील हायस्कूलचे वार्षिक स्नेहसंमेलन मोठ्या उत्साहात संपन्न झाले. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले. व्यासपीठावर...’ पुढे अकरा नावं. मग गुणवंतांचा सत्कार, मग पाहुण्यांचं भाषण. खाली खाली गेल्यावर एक ओळ: ‘मुख्याध्यापकांनी अहवाल वाचनात विद्यालयास दोन वर्षे विज्ञान शिक्षक नसल्याची खंत व्यक्त केली.’ आणि लगेच सूत्रसंचालन, आभार.

बातमी त्या एका ओळीत आहे. नव्वद टक्के मुलं नावं कमी करून, ‘संपन्न झाले’चं ‘झाले’ करून कॉपी देतात आणि आपण संपादन केलं म्हणून खूश होतात. तू ती ओळ वर घे. पण नुसती वर घेऊन छापायला देऊ नकोस. मुख्याध्यापकांना फोन कर: जागा केव्हापासून रिकामी आहे, दहावीचा विज्ञानाचा वर्ग कोण घेतं, खात्याला पत्र कधी पाठवलं? मग शिक्षण खात्याला फोन: ते पत्र मिळालं का, भरती कुठे अडली? आता तुझ्याकडे तीनशे शब्दांची खरी बातमी झाली आणि स्नेहसंमेलन तिच्या शेवटच्या परिच्छेदात गेलं. मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी घाबरून ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ सांगतील. त्यांच्याच सहीची प्रेसनोट जपून ठेव.

जायच्या आधी युनिकोडमध्ये मराठी टायपिंग हाताला बसव. फोनवर बोलून टाइप करता येतं म्हणून इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकायचं टाळू नकोस. डेस्कवर दहा जण बोलत असताना तुझा फोन तुझं ऐकत नाही.

मला इन्स्टाग्रामवर ‘ऑनलाइन मीडिया इंटर्नशिप’ची जाहिरात दिसली. घरबसल्या एक महिना, 2,500 रुपये नोंदणी, शेवटी प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र. कॉलेजला चालेल का?
– एक विद्यार्थी, पेडणे

कॉलेजला चालो न चालो, तुला चालता कामा नये. काम करणाऱ्याने पैसे भरायचे असतात हे कुठल्या धंद्यात ऐकलंस? शिवाय कॉलेजचा मार्गदर्शक तासांची नोंद, कामाची डायरी आणि तिथल्या माणसाचा शेरा मागणार. त्या अडीच हजारांत महिनाभराचं बसभाडं आणि रोजची भाजी-पाव निघते. पेडण्यात तालुका वार्ताहर आहेत, त्यांच्या मागे मोपाला विमानतळावर आणि हरमलच्या किनाऱ्यावर फिर. नोव्हेंबरपर्यंत थांबायची तयारी असेल तर इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. 2004 पासून महोत्सव पणजीत होतो, आणि त्या आठवड्यात दैनिकांना, वाहिन्यांना, पोर्टलांना माणसं कमीच पडतात. पण त्यासाठी ऑगस्टमध्येच विचारून ठेवायचं. गणपतीच्या चवथीनंतर विचारणाऱ्यांची रांग लागते.

मी एका कार्यालयात इंटर्न आहे. तिथले एक वरिष्ठ रात्री उशिरा मेसेज करतात. आधी कामाचे होते, आता ‘तू आज छान दिसत होतीस’, ‘एकटीच आहेस का’ असे येतात. मी पगारी नोकर नाही, मग तक्रार कोणाकडे करणार? प्रमाणपत्र त्यांच्याच सहीने मिळणार आहे.
– नाव, गाव देत नाही

द्यायची गरजही नाही. तू नोकर नाहीस, हा गैरसमज आधी काढून टाक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थीलाही लागू आहे आणि पैसे न घेता काम करणारीलाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. असे प्रकार पुन्हा पुन्हा झाले असतील तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

आजच्या आज एवढं कर: मेसेज पुसू नकोस. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घे आणि एक प्रत घरच्या कोणाकडे पाठवून ठेव. उत्तर द्यायचंच तर ‘कामाचं उद्या कार्यालयात बोलू’ एवढंच. मग कॉलेजच्या मार्गदर्शक बाईंना सांग, कॉलेजचीही समिती असते. प्रमाणपत्रासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याची सही मागणं किंवा उरलेले तास दुसरीकडे पुरे करून देणं हे कॉलेजचं काम आहे, तुझं नाही. ‘माध्यमांत असं चालतंच’ असं तुला कोणी तरी सांगणार, बहुतेक एखादी बाईच. तिचं ऐकू नकोस.

आमच्या गावच्या ग्रामसभेत कचरा शेडवरून मोठा गोंधळ झाला. मी तिथे होतो, सगळं लिहून घेतलं. अजून कुठल्याच पेपरात आलेलं नाही. मी सध्या एका दैनिकात इंटर्न आहे. बातमी देऊ का? अडचण एवढीच की माझे काका पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य आहेत आणि वाद त्यांच्याच ठरावावरून झाला.
– एक विद्यार्थी, डिचोली

शाबास. इंटर्न असून रविवारी ग्रामसभेला बसलास, यावरच अर्धे गुण. गोव्याच्या पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एकेका रविवारी सर्वसाधारण ग्रामसभा. शिवाय 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबरला खास सभा. पंचायती 191. एवढ्या सभांना पुरतील एवढे वार्ताहर गोव्यातल्या सगळ्या दैनिकांकडे मिळूनही नाहीत. म्हणून मी प्रत्येक इंटर्नला सांगते की मंत्र्याच्या पत्रकार परिषदेला दहा माइक असतात, तिथे तुझा अकरावा. ग्रामसभेत तू एकटा.

पण ही बातमी तू लिहायची नाहीस. काका ठरावाच्या बाजूने असोत की विरोधात, तू कितीही तोलून लिहिलंस तरी गाव म्हणणार, ‘पुतण्याने लिहिलंय.’ आणि गाव चुकीचं म्हणणार नाही. नातं मुख्य वार्ताहराला आधी सांग, लपवलेलं चार दिवसांत बाहेर येतंच. मग टिपणं डिचोलीच्या वार्ताहराला दे. तो सरपंच आणि पंचायत सचिवांशी बोलून, विरोध करणाऱ्यांना विचारून बातमी करील. त्याच्याजवळ बसून बघ, तुझ्या पाच पानांतलं त्याने काय ठेवलं आणि काय टाकलं.

टिपणं देण्याआधी एवढं तपास: ठराव नेमका काय मांडला? अनुमोदन कोणाचं? तो मताला टाकला की पुढे ढकलला? शेडची जागा कॉम्युनिदादची, म्हणजे गावकीची, सरकारी की खासगी? ‘प्रचंड विरोध’ असं लिहिलं असशील तर सभागृहात किती माणसं होती आणि हात किती वर गेले, ते लिही. सचिवांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं का, आणि त्यावरच भांडण सुरू झालं का? माझा अंदाज, तिथूनच झालं असेल. अर्ध्या ग्रामसभा मागच्या इतिवृत्तावरच पेटतात.

शेजारच्या पंचायतीची पुढची सभा तू स्वतःच्या नावाने कर. तिथे तुझा काका नाही.

मुलीला इंटर्नशिपचा एक पैसा मिळत नाही. उलट बस आणि जेवणाचा खर्च आमचाच. फुकट राबवून घेणं नव्हे का हे?
– एक पालक, फोंडा

काही ठिकाणी आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात विद्यावेतन ठरवून दिलेलं असतं, पण कॉलेजच्या क्रेडिटसाठी केलेली इंटर्नशिप सहसा त्यात बसत नाही, म्हणून मालकावर सक्ती नाही. मागायला मात्र बंदी नाही. रुजू होताना मुलीने प्रवासखर्च मागावा. लहान पोर्टलंसुद्धा विचारलं की थोडंफार देतात, न विचारणाऱ्याला कोणीच देत नाही. दुसरं म्हणजे स्वतः आणलेल्या बातमीवर नाव. आणि 120 तास भरल्यावरही ‘अजून महिनाभर ये, सवय होईल’ म्हणाले तर पगार विचारा. तिथून पुढची ती नोकरी आहे.