वाचकांचे प्रश्न : पहिला फ्लॅट की दोन गुंठ्यांचा प्लॉट?

प्रश्न : मी कराड येथे माध्यमिक शिक्षक असून माझे वय 41 आहे. राहते घर वडिलोपार्जित आहे. आजवर 18 लाख रुपये साठले असून दरमहा सुमारे 25 हजार रुपये शिल्लक पडतात. पुण्यात वाघोलीला बांधकाम सुरू असलेला 60 लाखांचा फ्लॅट घेऊन तो पुढे भाड्याने द्यावा, असे मेहुणे सुचवतात. ओळखीचे एक एजंट मात्र महामार्गालगत दोन गुंठ्यांचा प्लॉट सामाईक सातबाऱ्यावर 9 लाखांत देऊ करत आहेत. सुरुवात कशाने करावी?

उत्तर : आधी फ्लॅटचा हिशेब कागदावर मांडू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एवढ्या रकमेच्या टप्प्यातील कर्ज घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच मिळते, म्हणजे 48 लाख. उरलेले 12 लाख आपले. वाघोली आता पुणे महापालिकेच्या हद्दीत असल्याने मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांप्रमाणे 4 लाख 20 हजार, नोंदणी शुल्क 30 हजार आणि बांधकाम पूर्ण झालेले नसल्याने 5 टक्के जीएसटीचे 3 लाख. हे साडेसात लाख बँक घराच्या किमतीत धरत नाही. (खरेदी केवळ पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेवढाच दिलासा.) म्हणजे चावी हाती येण्याआधीच साडेएकोणीस लाख लागतील, आणि आपल्याकडे आहेत अठरा.

पुढचे गणित याहून कठीण आहे. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 48 लाखांचा हप्ता 41 हजार 650 रुपयांच्या आसपास जातो. भाडे 16 हजार धरले, वर्षातून एक महिना फ्लॅट रिकामा राहील असे मानले आणि सोसायटीचा देखभाल खर्च व घरपट्टी वजा केली, तर हाती वर्षाला 1 लाख 38 हजारांच्या आसपास उरतात. एकूण साडेसदुसष्ट लाखांवर हे उत्पन्न जेमतेम 2 टक्के भरते आणि दरमहा सुमारे 30 हजार रुपये पदरचे घालावे लागतात. आपली शिल्लक 25 हजार आहे. किंमत वाढेल या आशेवर हा खड्डा भरत राहणे म्हणजे गुंतवणूक नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाव पडण्यापेक्षा नवख्या माणसाला अधिक जाचते ती गोष्ट वेगळीच असते : पैसे अडकतात, आणि गरज पडली तेव्हा फ्लॅटची एक खोली विकून रुग्णालयाचे बिल भरता येत नाही.

प्लॉटबद्दल तर माझा सल्ला सरळ नकाराचा आहे. सामाईक सातबाऱ्यावर आपले नाव लागले, तरी जमिनीचा नेमका कोणता तुकडा आपला हे त्यावरून ठरत नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाने हरकत घेतली की कुंपण घालणेही अवघड होते. जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास मनाई करणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे काही सवलती मिळाल्या असल्या, तरी त्या सरसकट प्रत्येक गुंठ्याला लागू होत नाहीत. जमीन शेतीची असेल आणि आपण शेतकरी खातेदार नसाल, तर कुळकायद्यानुसार परवानगीवाचून ती आपल्याला घेताच येत नाही. एजंटाने "सध्या कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) करू, खरेदीखत नंतर" असे म्हटले, तर तिथेच उठावे; अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि प्लॉटचा स्वतंत्र उतारा दाखवल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

मग काय करावे? कराडमध्येच भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन वापरास योग्य असल्याचा दाखला) मिळालेला, 28 लाखांच्या आतबाहेरचा तयार फ्लॅट शोधावा. त्यावर जीएसटी लागत नाही. मुद्रांक व इतर खर्च धरून 30 लाख लागले, तर 15 लाख स्वतःचे, 15 लाख कर्ज आणि 3 लाख हाताशी, अशी विभागणी बसते. हप्ता 13 हजारांच्या आसपास राहतो, त्यामुळे भाडेकरू दोन महिने मिळाला नाही तरी संसार डगमगत नाही. शिवाय नळ गळतो ही तक्रारही शाळा सुटल्यावर स्वतः जाऊन निस्तरता येते. साठेखतापूर्वी, म्हणजे विक्रीचा करार करण्याआधी, वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा.

तरीही बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचाच आग्रह असेल, तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्याची पूर्णत्वाची तारीख किती वेळा वाढवली गेली, हे आधी पाहावे. नोंदणीकृत कराराआधी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा लांबल्यास व्याजासह परतावा मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण आदेश मिळाल्यावर वसुलीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हेही मनाशी धरून ठेवावे.

प्रश्न : भाडेकरूशी 11 महिन्यांचा करार नोटरी करून घेतला तर पुरेसा आहे का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचे काम आपले. नोंदणीकृत करार असल्यास मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ऑनलाइन नोंदणीची सोय आता घरबसल्या उपलब्ध आहे.