माल लांबला, हे शेठना कसं कळवू?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला १८ तारखेला ६०० डझन द्यायचे होते. डाईंगहून आलेला दुसरा लॉट फिका निघाला, तो परत रंगवायला गेलाय. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'नमस्कार शेठ, तांत्रिक अडचणीमुळे माल थोडा लेट होईल, सहकार्य करावे.' शेठ फोनवर भडकले. माझं काय चुकलं?

उत्तर : 'थोडा' हा शब्द. तुमच्या मनात आठवडा होता, शेठनी तो उद्या दुपार असा वाचला. त्यांनी पुढे हॉटेलला तारीख देऊन ठेवलेली असते. किती माल आणि कोणत्या दिवशी, एवढंच त्यांना आधी हवं असतं. 'तांत्रिक अडचण' म्हटलं की काहीतरी लपवताय असं वाटतं. 'शेड फिका आला' म्हटलं तर टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. आणि 'सहकार्य करावे' ही एसटी स्टँडवरच्या पाटीची भाषा झाली.

असं लिहा :

'शेठ, १८ तारखेला ६०० पैकी ४२० डझनच निघतील. उरलेले १८० डझन २५ ला. दुसऱ्या लॉटचा शेड फिका आला, एकाच खोलीत दोन रंगांचे टॉवेल दिसले असते, म्हणून परत रंगवायला दिलाय. ४२० आधी पाठवू, की २५ ला सगळा एकदम? उद्या दुपारी १२ पर्यंत सांगा, म्हणजे ट्रान्सपोर्टला तशी गाडी सांगतो. उशीर आमच्याकडून झाला, माफ करा.'

आकडे पहिल्याच ओळीत का? मोबाइलच्या पडद्यावर मेसेज न उघडता तेवढीच ओळ दिसते. ती 'नमस्कार, कसे आहात, पाऊस काय म्हणतो'मध्ये गेली तर खरी बातमी संध्याकाळी वाचली जाते. डाईंगवाल्याने २२ सांगितली असेल, तरी तुम्ही २५ च लिहा. रंगून आल्यावर कटिंग, शिलाई, पॅकिंग राहतंच. पहिली तारीख चुकली तर गिऱ्हाईक चिडतं, दुसरी चुकली तर दुसरा कारखाना शोधतं. (फिका होता म्हणून निभावलं. गडद निघाला असता तर आधी रंग उतरवावा लागतो, मग २५ विसराच.)

डाईंगवाल्याचं नाव घेऊ नका, शेठचा सौदा तुमच्याशी आहे. माफी एकदाच. नवी तारीख अजून हातात नसेल तरी गप्प बसू नका : 'नक्की तारीख उद्या ५ वाजता सांगतो' असं लिहा, आणि ५ वाजता काही कळलेलं नसलं तरी तेवढं कळवा. नुकसान मोठं असेल तर आधी फोन, आणि लगेच तेच आकडे लिहून.

प्रश्न : आमचं छोटं उद्योग-नोंदणी असलेलं युनिट आहे. ८६,४०० रुपयांचं बिल अडकलंय. 'पेमेंटचं बघा ना साहेब' असं चार वेळा लिहिलं, 'बघतो' असं उत्तर येतं.

उत्तर : 'बघा' म्हटलं की 'बघतो'च येणार. ज्याचं उत्तर तारखेनेच देता येईल असा प्रश्न विचारा : 'बिल क्र. २१२, माल ५ जूनला उतरवून घेतला, ८६,४०० रुपये, मुदत २० जुलैला संपली. या शुक्रवारी किती जमा होतील आणि बाकी कोणत्या तारखेला?' सोबत बिल पीडीएफमध्ये जोडा, चुरगळलेल्या चलनाचा फोटो नको.

हाच मेसेज त्यांच्या अकाउंटंटलाही पाठवा आणि एक ओळ वाढवा : 'बिलात काही त्रुटी असेल तर आजच सांगा.' पुष्कळदा बिल पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नाही किंवा जीएसटी नंबर चुकला म्हणून बाजूला पडलेलं असतं आणि मालकाला ते ठाऊकही नसतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. एमएसएमई विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. पण पहिल्याच मेसेजमध्ये कलम फेकू नका. दोन तारखा चुकल्यावर, आणि तेही ईमेलवर.

प्रश्न : ओव्हरटाइम बंद होतोय. शिलाई विभागातल्या बायकांना ग्रुपवर कळवू का?

उत्तर : आधी पाळी सुटताना तोंडी सांगा, मग ग्रुपवर टाका. शेजारणीच्या मोबाइलवरून कळलं तर राग दुप्पट होतो. ग्रुपवर दोनच वाक्यं पुरेत : '१ तारखेपासून ओव्हरटाइम बंद. आजवर केलेल्याचे पैसे १० तारखेच्या पगारात.' सोलापुरात तेच तेलुगू आणि कन्नडमध्ये बोलून व्हॉइस मेसेजही टाका. पुन्हा कधी सुरू होईल ते ठरलेलं नसेल तर 'लवकरच' लिहू नका, त्यावर कुणीतरी कर्जाचा हप्ता ठरवतं.