सीआरएमचा पहिला वर्ग: आधी बोलायला शिक

वैमानिक म्हणून तुझा सीआरएमचा वर्ग सुरू होतोय, अभिनंदन! सीआरएम म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, विमानातल्या सगळ्यांनी एकमेकांशी नीट बोलून, मिळून काम करण्याचं प्रशिक्षण. त्याला 'गप्पांचा तास' म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. मॉडेलांची नावं आणि आकृत्याही आत्ताच घोकू नकोस, त्या परीक्षेपुरत्या होऊन जातात.

खरी गोची बोलण्याची असते. २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ प्रवासी विमान अमेरिकेत पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळलं, १० जण गेले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते. इंधनाचा विषय सहकाऱ्यांनी काढला होता, पण कोणी तो ठासून मांडला नाही. नवखा को-पायलट हमखास तेच करतो: "सर, इंधन जरा कमी वाटतंय का?" असं आडून सुचवू नकोस. त्यापेक्षा:

- आकडा सांग: "सर, इंधन पंधरा मिनिटांचंच उरलंय."
- उपायही सांग: "आत्ताच उतरायला वळूया."
- उत्तर आलं नाही तर पुन्हा सांग, मोठ्याने.

'सर' म्हणायला काहीच हरकत नाही. मान राखूनही स्पष्ट बोलता येतं.

काहींचं उलटंच होतं. वर्गातून ताजे आलेले असतात, मग ऊठसूट हरकत घेतात. तातडीचं नसेल तर चेकलिस्ट चालू असताना मध्ये तोंड घालू नकोस. आणि झोप झाली नसेल तर उड्डाणाला होकार देण्याआधीच सांग, हवेत गेल्यावर नव्हे.

ऑटोमेशन, ताण वगैरे पुढे बघू. तूर्त सिम्युलेटरनंतरच्या चर्चेत एवढंच विचार: "मी नेमकं कधी बोलायला हवं होतं?" बहुतेक प्रशिक्षकांना हा प्रश्न आवडतो.