लष्कर, लष्करी आणि 'लष्करच्या' भाकऱ्या

प्रश्न असा आला आहे : 'मिलिटरायझेशन'ला 'लष्करीकरण' म्हणावे की 'सैनिकीकरण'? आणि सीमा सुरक्षा दलाच्या माणसाला 'लष्करी जवान' म्हटलेले चालते का?

दुसऱ्याचे आधी. चालत नाही. रोज रात्री वाहिन्यांवर ऐकून कान किटले आहेत. सीमा सुरक्षा दल (स्थापना १९६५) गृहखात्याचे, लष्कर संरक्षण खात्याचे. 'निमलष्करी' हा धडधाकट शब्द असताना त्यातला 'निम' गिळायचा कशाला?

आता 'लष्कर'. फौज, सैन्य वगैरे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. शब्द फारसी, 'लश्कर'. तो अरबीत गेला, तेव्हा अरबांना सुरुवातीचा 'ल' आपल्याच 'अल्' या (इंग्रजी 'द'सारख्या) उपपदाचा तुकडा वाटला. त्यांनी तो काढून ठेवला आणि उरले 'अस्कर'! तिथून तुर्कीत 'अस्केर', स्वाहिलीत शिपाई-पहारेकऱ्याला 'अस्करी'. काही पंडित 'अस्कर'चे मूळ लॅटिन 'एक्सर्सिटस'मध्ये शोधतात. 'लश्कर' शेजारच्या घरात बसलेला असताना थेट रोमला जाण्याची हौस मला कळत नाही.

इराकमधले सामर्रा ९व्या शतकात खलिफाने आपल्या तुर्की फौजेसाठी वसवले. त्या फौजी वस्तीवरून शियांचे अकरावे इमाम हसन 'अल्-अस्करी' म्हणवले गेले. म्हणजे लढवय्ये नव्हे, छावणीत राहणारे. ग्वाल्हेर शहरातला 'लष्कर' नावाचा भाग म्हणजे मूळची दौलतराव शिंद्यांची छावणी. पुण्याच्या कॅम्पात तर लष्कर पोलीस ठाणे आहे आणि त्यात पोलीसच असतात! 'उर्दू' हे भाषेचे नावही छावणीवरूनच आले, ते उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सोडतो.

माझे म्हणणे असे की मराठीतही 'लष्कर' हे आधी ठिकाण आहे आणि मग माणसे. पुरावा व्याकरणात आहे. सामान्य नाम असेल तर आपण 'लष्कराच्या', 'लष्कराने' म्हणतो. गावाचे नाव असेल तर मधला 'आ' येत नाही : नागपूरच्या, दादरच्या. मग म्हण काय सांगते? 'घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणे.' लष्करच्या! 'लष्कराच्या' हे शाळामास्तरांनी केलेले शुद्धीकरण आहे, अशी माझी खात्री आहे. भाकऱ्या जात होत्या त्या तळावर. पीठ-सरपण गावचे, पोट फौजेचे आणि भाजणारीला मोबदला शून्य. म्हणीचा उगम दानधर्मात शोधणाऱ्यांनी वेठीचा इतिहास वाचावा.

हाच नियम बातम्यांतही कामाला येतो. 'लष्कराचा जवान' आपला, 'लष्करचा दहशतवादी' 'लष्कर-ए-तैबा'वाला, कारण तेही विशेषनामच. एका 'आ'वर केवढा भार! आणि मथळे लिहिणारे तोच खातात.

हो, सैनिकीकरण. सावरकरांनी हिंदूंच्या 'सैनिकीकरणा'ची हाक दिली. हिंदू महासभेचे नेते मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले ते त्याच विचाराने. त्यात माणसाने शिपाई व्हायचे होते, म्हणून शब्द अचूक होता. (भाषाशुद्धीवाल्या सावरकरांना फारसी 'लष्कर' चाललाही नसता, पण ते वेगळे.) २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसनमध्ये निदर्शकांसमोर चिलखती गाड्या आणि लष्करी पेहरावातले पोलीस उभे राहिले. ते पोलीस सैनिक झाले नव्हते, रस्त्याची छावणी झाली होती. ते लष्करीकरण. थोडक्यात, माणसांचे सैनिकीकरण, जागेचे लष्करीकरण. सियाचीनमधून दोन्ही फौजा हटवण्याच्या प्रस्तावाला 'निर्लष्करीकरण' म्हणतात तेही ठीकच, कारण तिथे जागाच मोकळी करायची आहे. 'निःसैनिकीकरण' असा एक प्रकार सरकारी भाषांतरात दिसतो. तो मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे माझा विरोध का आहे ते कळेल.